चार व्हॉल्व्हची पेटी आणि खिशातला हात

मी शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी सगळी शाळा मैदानावर रांगेत उभी होती. मुलं सरळ, शिक्षक मुलांहून सरळ, कारण मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, रांगेवरून नजर फिरवत होत्या. ती नजर शेवटच्या टोकाला प्रयोगशाळेच्या मदतनिसाजवळ थांबली. उंच, किडकिडीत माणूस. उजवा हात मांडीला चिकटलेला आणि डावा खुशाल पँटच्या खिशात.

"तुमच्या खिशात काय आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"हात आहे, बाई."

तीनशे मुलांनी हसू गिळलं. त्या माणसाला मात्र आपण काही विनोदी बोललो याचा पत्ताच नव्हता. विचारलं ते सांगितलं, एवढंच. मोठ्या बाई त्याच्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि पुढे गेल्या. त्या दिवसापासून मुलं त्यांना खिसेकाका म्हणू लागली, आणि आठ-पंधरा दिवसांत आम्ही शिक्षकही.

माझा वर्ग प्रयोगशाळेला लागून होता, मध्ये फक्त फळ्यांची भिंत. मी इकडे कविता शिकवायची आणि पलीकडून खिसेकाकांचा आवाज यायचा. खरं तर शिकवणं हे त्यांचं काम नव्हतं. उपकरणं मांडायची, काचेची भांडी धुवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, एवढंच. पण विज्ञानाच्या सरांना ऑफिसातून सारखं बोलावणं यायचं, आणि वर्ग आपोआप खिसेकाकांच्या हातात जायचा. म्हणजे उजव्या हातात.

"पोरांनो, मीटर हा पाहुणा आहे," ते सांगायचे. "विजेच्या घरी किती आहे ते बघायला येतो. पण आला की ताटातलं थोडं खातोच. चांगला पाहुणा कमी खातो. उपाशी मात्र कोणीच जात नाही. म्हणून मीटर दाखवेल ते खरं धरायच्या आधी, यानं किती खाल्लं ते विचारायचं."

पुढे कधीतरी शिकवण्याच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. पदवी नाही म्हणून तो परत आला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि काचेची भांडी धुवायला गेले. 

हात खिशात का, हे विचारायला मला एक वर्ष लागलं. ते म्हणाले, "तरुणपणी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतो, बाई. व्हॉल्व्हच्या रेडिओत तीनशे व्होल्ट असतात. दोन्ही हात आत घातले आणि चुकून दोन्हीकडे लागलं, तर वीज या हातातून शिरते, त्या हातातून निघते आणि वाटेत काळीज. मालकानं पहिले तीन महिने माझा डावा हात रुमालानं पट्ट्याला बांधून ठेवला होता. नंतर रुमाल सोडला, पण हाताला ते कळलंच नाही."

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. मला शाळेनं घड्याळ दिलं. खिसेकाकांना काय हवं ते विचारलं, तर त्यांनी प्रयोगशाळेतलं मोडीत काढलेलं टेबल मागितलं. सात फूट लांब, जाड फळीचं, आम्लाचे डाग पडलेलं. चौघांनी ते त्यांच्या घरी नेलं. दारातून आत जाईना, तेव्हा दार काढलं.

त्यांची बायको, आमच्या शिलाईवाल्या वहिनी, घरी बायकांना शिवणकाम शिकवतात. माझे कपडे त्याच शिवतात, त्यामुळे माझं तिथे नेहमीचं जाणं. घरात दोनच खोल्या मोठ्या. त्यांतल्या एकीत खिडकीखाली हे टेबल बसलं आणि टेबलावर बिस्किटांचे जुने डबे आले. डब्यांत कापसात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. काचेच्या लहानशा बाटल्या, आत पत्र्याची नळी आणि बारीक तार. तापली की लाल होते. वहिनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी त्याच खोलीत जमिनीवर बसून कापड बेतायच्या. वहिनींचे गुडघे दुखायचे आणि कात्री चालवताना नजर टेबलाकडे जायची.

त्याच सुमाराला दादा आले. दादा म्हणजे वहिनींचे थोरले भाऊ, निवृत्त अभियंता. आयुष्य ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांत गेलेलं. बोलण्यात दर दोन वाक्यांमागे 'तत्त्वतः' हा शब्द. त्यांनी एक खोका टेबलावर ठेवला. आत हेडफोन होता, पण साधा नव्हे.

"यात लोहचुंबक नाही, तारेचं वेटोळं नाही," दादा मला समजावू लागले. "एक पातळ पडदा, आपल्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्याच्या दोन्ही बाजूंना भोकाभोकांचे धातूचे पत्रे. पडद्यावर पाचशे ऐंशी व्होल्ट चढवायचे आणि पत्र्यांना आवाजाची वीज द्यायची. एक पत्रा ढकलतो, दुसरा ओढतो."

"दोघं मिळून करवत चालवतात तसं," खिसेकाका म्हणाले.

"तत्त्वतः हो. पण याला चालवणारा अॅम्प्लिफायर, आवाज वाढवणारी पेटी हो, तो वेगळा लागतो. माझा जळला. अकरा व्हॉल्व्हचा होता, दुरुस्त करणारा कोणी उरला नाही. तुमच्याकडे शोभेला ठेवा, भावोजी."

"मी बनवीन की."

दादा हसले. त्यांचं हसणं वाईट नव्हतं, पण त्यापुढचं वाक्य होतं. "भावोजी, दुरुस्ती वेगळी आणि रचना वेगळी. हे काही परीक्षानळ्या धुण्याइतकं सोपं नाही."

खिसेकाकांचा डावा हात खिशात आणखी खोल गेला. वहिनींनी कात्री खाली ठेवली. भावाचं बोलणं त्यांनाही लागलं असावं. पण गुडघेही दुखत होते, आणि वहिनी व्यवहाराला पक्क्या.

"बनवा," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे आणखी सहा जणी येणार आहेत. मला बेतायला उंच जागा हवी. या महिनाअखेरपर्यंत तुमची पेटी वाजली तर टेबल तुमचं, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही वाजली तर टेबल माझं, आणि मग तोंड वाकडं करून बसायचं नाही. कबूल?"

"कबूल. पण वाजली हे ठरवायचं कुणी?"

"मी. आणि दादा. त्याला यंत्र कळतं, मला तुम्ही कळता."

टेबल गेलं तर डबे माळ्यावर जाणार आणि माळ्यावरून कधीतरी भंगारात, हे खिसेकाकांना न सांगता कळत होतं.

दादांनी मोठ्या मनानं एका पुस्तकातली आकृती पाठवली. खिसेकाकांनी ती दोन दिवस बघितली आणि बाजूला ठेवली. मी कारण विचारलं.

"यातले निम्मे भाग का आहेत ते मला सांगता येत नाही. जो भाग का आहे ते मला सांगता येत नाही, तो माझ्या पेटीत येणार नाही. बिघडला तर मी त्याला काय विचारू?"

मग त्यांनी कोऱ्या वहीत स्वतःची आकृती काढायला घेतली. एका कानाला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण चार. पहिला आवाजाचे दोन सारखे पण उलटे भाग करणार, दुसरा ते दोन्ही फुगवून पत्र्यांकडे पाठवणार. बस. प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेत दोन वेगळे संच असतात. खिसेकाकांच्या भाषेत, एका काचेत दोन बिऱ्हाडं. दोघांनी सारखं काम केलं तरच ढकलणं आणि ओढणं बरोबरीचं. डब्यांतले एकोणीस व्हॉल्व्ह त्यांनी एकेक करून तपासले.

"हा बघा, याचं एक बिऱ्हाड तापट आणि एक थंड," ते सांगत. "उपयोग नाही. दोघांचा स्वभाव सारखा हवा."

"एका घरात दोघांचा स्वभाव सारखा?" वहिनी जमिनीवरून म्हणाल्या. "मिळाला तर मलाही दाखवा."

चार मिळाले. मग पत्र्याची पेटी, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, सोल्डरिंगचा धूर. बाहेर चिकटवायच्या चिठ्ठीबद्दल ते माझा सल्ला घ्यायला आले. 'उघडू नका' लिहू की 'उघडू नये'? मी म्हटलं, दोन्ही बरोबर. ते म्हणाले, "नका म्हटलं की माणूस हमखास उघडतो, बाई. नये म्हटलं की जरा विचार करतो." चिठ्ठीवर 'उघडू नये' आलं.

पडद्याचे पाचशे ऐंशी व्होल्ट त्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी चढवले होते. एका पायरीला दोनशे नव्वद, अशा दोन पायऱ्या. हा आकडा ऐकल्यावर मात्र वहिनी उठून उभ्या राहिल्या.

"पाचशे ऐंशी? आणि ते डोक्यावर घालायचं?"

"विजेला वाटच ठेवली नाही मी," खिसेकाका म्हणाले. त्यांनी बोटाच्या पेराएवढा एक रेझिस्टर दाखवला. "हा पन्नास लाख ओहमचा. वीज पडद्याकडे जाणार ती याच्यातून, अगदी थेंबाथेंबानं. उद्या तार उघडी पडली आणि हात लागला, तरी थेंबापेक्षा जास्त यायची नाही. पडद्याला तसंही थेंबच लागतात."

"घाला तो. आधी घाला."

तो रेझिस्टर घातला, तो खास वहिनींसाठी. आणि घात झाला तो तिथेच.

महिना संपायला आठ दिवस होते. पेटी तयार झाली. खिसेकाकांनी हेडफोनच्या खोबणीत मीटर लावून पडद्याचे व्होल्ट मोजले. तीनशे सत्त्याऐंशी. पुन्हा मोजले. तीनशे सत्त्याऐंशी. हिशेबात चूक सापडेना. शेवटी त्यांनी पायऱ्यांच्या शिडीला आणखी एक पायरी जोडली. आता मीटरवर आलं बरोब्बर पाचशे ऐंशी. त्या आकड्यानं त्यांचं समाधान झालं, आणि त्यांनी दादांना बोलावणं पाठवलं.

दादा आले, मी होतेच. पेटी सुरू केली. चार काचांत चार लाल ठिणग्या उमलल्या. दादांनी हेडफोन कानांवर चढवला. उजव्या कानाशी काही सूर उमटले असावेत, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात 'चट्' असा आवाज झाला, तो मलाही ऐकू आला. दादांनी हेडफोन काढला.

"डावा कान गेला. पडदा पत्र्याला चिकटला." त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला. "भावोजी, आकृती पुस्तकातली घ्यायला हवी होती."

खिसेकाकांनी बटण बंद केलं. आत वीज साठवून ठेवणारे कंडेन्सर रिकामे व्हायला पाच मिनिटं लागतात. ती पाचही मिनिटं ते डावा हात खिशात घालून पेटीकडे बघत उभे राहिले. दादा चहा न घेता गेले.  वहिनींनी आत जाताना गळ्यातला टेप काढला, टेबलाची लांबी मोजली आणि टेप पुन्हा गुंडाळला. तो गुंडाळण्याचा आवाज खिसेकाकांना चट् पेक्षा जास्त लागला असणार.

दोन दिवसांनी मी माप द्यायला गेले. वहिनींचा वर्ग भरला होता. खिसेकाका टेबलाशी बसून वहीतला हिशेब पाचव्यांदा तपासत होते. हेडफोन कपाटावर पडून होता. एक विद्यार्थिनी, चांगली चाळिशीची बाई, ताणणारं कापड मोजत होती.

"थांब," वहिनी तिला म्हणाल्या. "काय करतेस?"

"मोजतेय."

"मोजत नाहीस, ओढतेस. टेप लावतेस तेव्हा तुझाच हात कापड ताणतो, आणि मग म्हणतेस माप चुकलं. कापड बरोबर आहे. मोजणाऱ्या हातानं ते बदललंय. हात बाजूला घे आणि बघ."

खिसेकाकांची पेन्सिल थांबली. ते हळूहळू उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला एकदम फळ्यांची भिंत आठवली, पलीकडचा तो आवाज. मी काही बोलायच्या आत तेच पुटपुटले, "पाहुणा."

"कोण आलंय?" वहिनी दाराकडे बघत म्हणाल्या.

"मीटर. मीटर जेवून गेला गं." त्यांनी पेन्सिलीनं वहीत लिहायला घेतलं आणि आम्हा सगळ्याजणींना मोठ्यानं सांगू लागले, थेट वर्गात सांगायचे तसं. "वाटेवर पन्नास लाख ओहम. मीटर स्वतः एक कोटी ओहमचा. दोघांनी व्होल्ट वाटून घेतले. एक वाटा वाटेनं खाल्ला, दोन वाटे मीटरनं दाखवले. पाचशे ऐंशीचे तीन वाटे केले तर दोन वाट्यांचे किती?"

"तीनशे शहाऐंशी आणि वर थोडे," ताणणारं कापड हातात धरलेली बाई म्हणाली.

"म्हणजे सत्त्याऐंशीच. पाचशे ऐंशी पहिल्यापासून होते. मी उगाच वर पायरी चढवली. एकतीस वर्षं पोरांना सांगितलं, आणि स्वतःच्या घरी पाहुणा आला तर ओळखला नाही."

त्यांनी पेटी सुरू केली, डावा हात खिशात घातला आणि या वेळी मीटर रेझिस्टरच्या अलीकडे लावला, जिथे विजेची टंचाई नव्हती आणि पाहुण्यानं खाल्लेलं जाणवणार नव्हतं. काटा नव्हता, आकडे होते. आठशे सत्तर. बिचारा पडदा. दीडपट ओझं अंगावर पडल्यावर तो पत्र्याला जाऊन चिकटला नसता तरच नवल.

पेटी बंद झाली, पाच मिनिटं मोजून गेली आणि तिसरी पायरी निघाली. आता सगळं हेडफोनवर होतं. पडदा फाटला असेल तर खेळ खलास. खिसेकाकांनी कपाटावरचा हेडफोन काढला, जोडला आणि कानांवर ठेवला. वर्गातल्या सगळ्याजणी कात्र्या थांबवून बघत होत्या. बराच वेळ त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी डावीकडे बोट दाखवलं आणि नुसती मान डोलावली. दोन दिवसांत पडद्यावरची वीज ओसरली होती आणि तो आपला आपण सुटला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दादा पुन्हा आले. या वेळी येताना स्वतःचं आवडतं ध्वनिमुद्रण घेऊन आले. चार वाद्यांचं, वीस वर्षं ऐकलेलं. हेडफोन घातला आणि लगेच म्हणाले, "काहीच नाही."

"थांबा, दादा. पडदा थेंबाथेंबानं भरतो."

दादा थांबले. मग आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर आवाज येताना दिसला. आधी कपाळावरच्या आठ्या गेल्या, मग खांदे उतरले. थोड्या वेळानं त्यांनी एकदम मान वळवून मागे पाहिलं.

"मागे कोण आलं?"

"कोणी नाही."

"आत्ता कोणीतरी खुर्ची सरकवली."

"ती तुमच्या वादकानं सरकवली," खिसेकाका म्हणाले.

दादांनी तो भाग पुन्हा लावला. खुर्ची पुन्हा सरकली. त्यांनी तो तिसऱ्यांदा लावला. वीस वर्षं ती खुर्ची त्या ध्वनिमुद्रणात होती आणि त्यांना भेटली नव्हती. सगळं संपेपर्यंत ते उठले नाहीत. मग हेडफोन उतरवून दोन्ही हातांनी बहिणीकडे दिला.

वहिनींना गाण्याचं वेड नाही. त्यांनी आधी तार कुठे उघडी आहे का ते बघितलं, मग हेडफोन घातला, डोळे मिटले. ध्वनिमुद्रण सुरू व्हायच्या आधीच त्यांनी डोळे उघडले.

"माशी कुठे गेली?"

"कुठली माशी?" दादांनी विचारलं.

"या घरात इतके रेडिओ दुरुस्त झाले, दादा. प्रत्येकात एक माशी असायची. मागे सारखी गुणगुण. मी म्हणायचे, आहे, राहू दे. यात ती नाही. काहीच नाही." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "टेबल तुमचं."

खिसेकाका इतके खूश झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यांनी पेटीवर हात ठेवला, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाले, "सात फूट काय करायचेत? मी एका हातानं काम करतो. एका हाताला पुरतं तेवढं मला बास."

वहिनींनी आपला शिलाईचा खडू काढला. खिडकीकडून तीन फुटांवर टेबलावर रेघ मारली. पलीकडचे चार फूट त्यांचे झाले. दुसऱ्या दिवशी सहा नव्या विद्यार्थिनी त्या चार फुटांभोवती उभ्या होत्या.

दादा मात्र जाता जाता दारात घुटमळले. "भावोजी, तो हेडफोन मी तुम्हाला तत्त्वतः दिला होता."

"दिलेला परत घेत नाहीत, दादा," वहिनी आतून म्हणाल्या.

"परत नको. मी दुसरा आणतो. मला पेटी हवी."

ती दुसरी पेटी सहा आठवड्यांत झाली. त्याआधी दादांनी खिसेकाकांची वही मागून नेली आणि आपल्या सुंदर, अभियंत्याच्या हातानं ती आकृती मोठ्या कागदावर नव्यानं काढली. चार व्हॉल्व्ह, दोन पायऱ्या, पन्नास लाखांचा रेझिस्टर, सगळं. रेझिस्टरशेजारी बारीक अक्षरात टीप लिहिली: 'मीटर याच्या अलीकडे लावावा.' आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे रचनाकाराचं नाव घालतात तिथे, आपल्या भावोजींचं पूर्ण नाव घातलं. खिसेकाकांनी तो कागद मला दाखवला तेव्हा ते नावावर बोट ठेवून उभे होते, अगदी पहिल्या इयत्तेतलं मूल आपल्या नावावर ठेवतं तसं. कागद आता टेबलाच्या वर, खिडकीशेजारी चौकटीत आहे. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या नव्या बाईंनी त्याची प्रत नेली, आणि वर्षातून एकदा त्या खिसेकाकांना दहावीच्या वर्गासमोर उभं करतात.

खिसेकाका आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी दहा ते एक ते खिडकीकडच्या तीन फुटांत बसून काम करतात. त्यांच्या सगळ्या पँटी वहिनीच शिवतात, आणि प्रत्येकीचा डावा खिसा उजव्यापेक्षा एक इंच खोल असतो.